सलवारवाल्या बाई

आता आमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायलासुद्धा पोरी पंजाबी ड्रेस घालून जातात. ओढणी कंबरेला आवळतात, सलवार पोटऱ्यांपर्यंत खोचतात आणि चिखलातून फताफता चालतात. कोणी मान वळवून बघत नाही. मला ते बघून आनंद व्हायला हवा, पण होत नाही. माझं डोकं फिरतं. एवढं सोपं होतं तर तेव्हा काय बिघडलं होतं रे तुमचं, असं ओरडून विचारावंसं वाटतं. विचारणार कोणाला? ज्यांना विचारायचं ते सगळे सुखाने मेले.

बाई म्हणजे माझ्या शिवणाच्या बाई. पालघरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि बोईसरला स्टेशनजवळ एका शेठच्या चाळीत खोली घेऊन एकट्या राहायच्या. आमचं गाव तारापूरच्याही पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. तिथून रोज वेळेवर पालघरची शाळा गाठणं शक्यच नव्हतं. म्हणून सातवीनंतर आईने मला बाईंच्या खोलीवर ठेवलं. आमच्या आळीत सगळ्यांनी आईला वेड्यात काढलं. मासे मारणाऱ्या मांगेल्याची पोर शिकून काय करणार, आणि शिकायचीच तर त्या सलवारवालीकडे?

बाई कराचीच्या. म्हणजे मराठीच, वडील तिकडे बंदरात कारकून होते आणि बाईंचा जन्मही तिकडचाच. फाळणी झाली तेव्हा आईला घेऊन बोटीने मुंबईला आल्या. त्यांची आई निर्वासितांच्या छावणीतच वारली. मग पालघरला कोणी लांबचे काका होते, त्यांच्याकडे काही महिने काढले. काकूने एक दिवस सांगितलं, या घरात राहायचं तर पायांतलं ते काढ. बाईंनी ट्रंक उचलली. कराचीत शेजारच्या सिंधी बायकांबरोबर लहानपणापासून त्या सलवारच घालत आल्या होत्या. त्यात मिरवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही असतं हे त्यांना इकडे येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

कोणी जात विचारली की म्हणायच्या, “शिंपी.” समोरच्याने “जन्माने?” असं विचारलं की म्हणायच्या, “जन्माने कोणी काही नसतं हो, नागडंच असतं.”

शाळेत मात्र साडी सक्तीची होती. मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं होतं. बाईंनी नोकरीही सोडली नाही आणि सलवारही. त्या सलवारीवरूनच साडी नेसायच्या. परकराऐवजी आत सलवार. त्यामुळे शाळेत त्या नेहमी जरा फुगलेल्या दिसत आणि मुली फिदीफिदी हसत. संध्याकाळची पॅसेंजर पालघरहून सुटली की लेडीज डब्यात त्यांचं काम सुरू व्हायचं. आधी पदराची पिन काढायची, उमरोळी आलं की निऱ्या सोडायच्या आणि बोईसर येईतो साडीची चौकोनी घडी पिशवीत गेलेली असायची. साडी नेसून डब्यात चढलेली बाई सलवारीत खाली उतरायची. पहिल्या पहिल्यांदा स्टेशनमास्तर धावत आले होते म्हणे. “अहो, बाईमाणूस गाडीत साडी सोडतं, हे काय?” बाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही घरी गेल्यावर टोपी काढता ना? तसंच हे.”

त्याच डब्यात आईची आणि त्यांची ओळख झाली. आई पालघरच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळा विकायची. परतीच्या गाडीत रिकाम्या पाट्या घेऊन आमच्या बायका खालीच बसायच्या, आणि बाकावरच्या बायका नाकाला पदर लावायच्या. बाई मात्र बाक सोडून खाली यायच्या. माणुसकी म्हणून येत होत्या असं नाही बरं का. त्यांना आमच्या बायकांची लुगडी बघायची असायची. आईला उभं करून तिच्याभोवती फिरायच्या. कासोटा कुठून घेतला, मागे कुठे खोवला, मांडीवर किती घट्ट, गुडघ्याच्या वर किती. आई हसून हसून लोटपोट व्हायची. “काय गो बाय, कदी लुगडं पायलं नाय काय तू?” म्हणत सगळं सोडून पुन्हा नेसून दाखवायची. डबाभर बायकाच. कोणाला कसली लाज!

माणूस समोर आलं की बाईंना आधी त्याचे पाय दिसायचे, तोंड नंतर. हा त्यांचा मोठा दोष होता, आणि मी त्याला दोषच म्हणणार. एकदा शेठच्या पुतणीचं लग्न ठरलं. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरच बाई म्हणाल्या, “हिचा डावा पाय जरा आखूड आहे, परकराला डावीकडे दुमड जास्त घाला.” चांगल्या मनानेच म्हणाल्या. पोरगी आत जाऊन ढसाढसा रडली. बाई मला विचारतात, “मी मापच सांगितलं ना ग?” आता यांना काय सांगायचं, कपाळ?

शिकवण्याची तऱ्हाही तशीच. नवीन मुलीला मशिनला हात लावू द्यायच्या नाहीत. आधी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढांगा टाकत चालायला लावायच्या, मग उकिडवं बसायला, मग पाटावर चढायला. तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, त्यामुळे अर्धं बोलणं दातांतून यायचं. “बाईचं कापड कोण ठरवतो? बाजूला उभा असलेला ठरवतो, ती उभी असताना कशी दिसते ते बघून. अरे, पण ती उभी असते कुठे? दिवसभर उठते, बसते, पळते. ती चालताना कापड बेता.” सलवारीच्या दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा जोडतात, त्याला आसन म्हणतात. बाईंचा सगळा जीव त्या तुकड्यात. बाहेरून तो कोणाला दिसत नाही, पण तो नीट नसेल तर बाईला पाय उचलता येत नाही. “घेर बघून भुलू नका,” त्या म्हणायच्या. “घेर लोकांसाठी. आसन आपल्यासाठी.”

आणि इतिहास! तो तर कोणी विचारो न विचारो. भाजीवाल्यालासुद्धा सुटका नव्हती. सलवार घोड्यावरून आली. इराणात, तुराणात माणसं घोड्यावर बसायला लागली, तेव्हा पायांना वेगवेगळं कापड लागलं. आधी पुरुषांनी घातली, मग त्यांच्या बायकाही घोड्यावर बसल्या. तिथून पेशावरला आली तेव्हा तिचा घेर एवढा, पंजाबात आली तेव्हा एवढा, सिंधमध्ये तिला सुथण म्हणतात, आणि सिंधमधल्या हिंदू बायका सुथण घालूनच देवळात जातात. तारापूरच्या म्हाताऱ्या पारशिणी साडीच्या आत इजार घालतात. “आणि मराठीत सुरवार हा शब्द काय काल आला? सरदारांच्या अंगावर होतीच की. पुरुषाने घातली की मर्दानी, बाईने घातली की मुसलमानी. वा रे न्याय!” असं म्हणून टेबलावर फूटपट्टी आपटायच्या. पंजाबी ड्रेस असं कोणी म्हटलं तर त्यांना भयंकर राग यायचा. सलवारीला गाव नसतं, म्हणायच्या.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं आणि बोईसरचं रूपच पालटलं. लांबलांबची माणसं आली, रस्त्यात हिंदी ऐकू यायला लागली. त्यात काही पंजाबी कुटुंबंही होती. त्या बायका सलवार घालून बाजारात फिरायच्या आणि दुकानदार “आइए बहनजी” करायचे. त्यांना कपडे शिवून हवे असायचे. बाजारात एक शिंपीमास्तर होते. त्यांनी पहिली सलवार शिवायला घेतली ती एका ठेकेदाराच्या बायकोची. आता बाईमाणसाचं आसनाचं माप घ्यायचं कसं? मास्तर सज्जन. त्यांनी मान खाली घालून फक्त उंची घेतली आणि बाकी माप स्वतःच्या लेंग्याचं धरलं. ती बाई नवी सलवार घालून टांग्यात चढायला गेली आणि भर बाजारात टर्रर्र! त्या दिवसापासून सगळ्या पंजाबी बायका आमच्या खोलीची वाट चालू लागल्या.

बाईंनी गप्प बसावं की नाही? छे! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट साग्रसंगीत सांगायच्या. मास्तर आमच्या चाळीसमोरून जाताना दिसले की इकडून हाक, “काय मास्तर, माप घ्यायला शिकलात का?” मास्तर खाली मान घालून जायचे. मला तेव्हाच भीती वाटायची. खाली मान घालून जाणारा माणूस विसरत नसतो.

मग पासष्टचं युद्ध लागलं. समुद्र आमच्या दारात, आणि त्यातून तारापूरचं काम चाललेलं. सांज झाली की दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद. होडीवाल्यांनाही समुद्रात नीट नजर ठेवा म्हणून पोलीस सांगून गेले. आणि एक दिवस मी नळावर गेले तर बायका एकदम गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मला विचारलं, तुझ्या बाईंना कराचीहून कोणी भेटायला येतं का ग? तिसऱ्या दिवशी आमच्या दाराखालून कोणीतरी शेण सारलं. मास्तरांच्या दुकानात बसून लोक म्हणत होते, कराचीची बाई, नवरा नाही, मूल नाही, अंगावर त्यांचाच वेष, आणि राहायला आली ती बरोबर तारापूरच्या तोंडाशी. अरे, ती आली तेव्हा तारापूरला बोंबील आणि ताडाची झाडं होती! पण हिशेब जुळवायचाच ठरवला की जुळतो. पंजाबी बायका त्याच सलवारी घालून त्याच बाजारात फिरत होत्या, आणि त्यांना लोक म्हणत होते, आपल्या जवानांच्या मुलखातल्या.

शेठने निरोप पाठवला, संध्याकाळी ओट्यावर या, चार माणसांत बोलायचं आहे. बाईंना मनापासून आनंद झाला. “बरं झालं. एकदा सगळ्यांना नीट सांगते.” मी म्हटलं, “बाई, काही सांगू नका. नुसतं हो म्हणा. थोडे दिवस बाहेरही साडी नेसा.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

आई त्या दिवशी बाजारातून परतताना नेहमीसारखी पुढच्या स्टेशनला न जाता बोईसरलाच उतरली होती. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. पाटी आमच्या खोलीत टाकून म्हणाली, “मी बोलते त्यांच्याशी. इतकी वरसं गाडीत संगती बसते ही बाय. हिला मी वलकत नाय तं कोन वलकतं? बघतेच कोन काय बोलतो ते.” माझी आई बोलायला लागली की बाजार गप्प व्हायचा. मला धीर आला.

ओट्यावर शेठ, मास्तर आणि बाजारातले दहाबारा पुरुष. शेठ गोड बोलला. “बाई, तुमच्यावर कोणाचा राग नाही. तुम्ही उद्यापासून साडी नेसायची, आणि ती नेसूनच राहायचं. बस. नाहीतर खोली खाली करा. दिवस कसले आहेत ते तुम्हाला कळतं.” मास्तर म्हणाले, “कोणी ओळखीचं असेल तर त्याने सांगावं की बाई कशी आहे.” आई पुढे झाली. पदर खोचला. तोंड उघडलं.

आणि बाई उठल्या.

हातात फूटपट्टी होतीच. घोडा सांगितला, इराण सांगितलं, सुरवार सांगितली. पुरुष जांभया द्यायला लागले. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण शिकवणाऱ्याला समोर नमुना लागतो. बाईंनी आईचा दंड धरून तिला मध्ये उभं केलं आणि फूटपट्टी तिच्या पायांकडे केली. “हे बघा. हिचं लुगडं दोन पायांमधून मागे घेतलंय. दोन पायांना दोन कापडं झाली की नाही? मग ही सलवारच. न शिवलेली. आणि नीट बघा, हिचा गुडघा उघडा आहे, मांडी दिसते आहे. माझा घोटासुद्धा दिसत नाही. आता तुम्हीच सांगा, झाकलेली कोण आणि उघडी कोण?”

मग मागून कोणीतरी म्हणालं, “बाई, अजून जरा वर दाखवा, म्हणजे नीट समजेल.” आणि सगळा ओटा हसला. शेठ हसला. मास्तर, ते मान खाली घालणारे सज्जन मास्तर, मान वर करून हसले.

आईने दोन्ही हातांनी लुगडं खाली ओढलं. ते लुगडं खाली येत नाही. ते तसं नेसायचंच असतं, चिखलात उभं राहायला, होडीतून पाटी उतरवायला. ती ओढत राहिली. जन्मभर त्याच लुगड्यात ती याच पुरुषांसमोर मासळी विकत आली होती आणि कधी तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं की आपले पाय उघडे आहेत. गाडीच्या डब्यात बायका होत्या आणि इथे पुरुष होते. एवढी एक गोष्ट बाईंना कळली नाही. कराचीपासूनचा सगळा इतिहास कळत होता, आणि ही एवढी कळली नाही!

“मी मासली विकते,” आई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. “माजे पाय नाय विकत.”

बाई म्हणाल्या, “अहो ताई, मी तर—”

शेठने त्यांना हातानेच थांबवलं आणि आईला विचारलं, “तू सांगणार होतीस ना? कशी आहे ही बाई?”

आई बाईंकडे बघत नव्हती. “मला काय ठावं?” ती म्हणाली. “ती आमची नाय.”

बाईंच्या हातातली फूटपट्टी खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुंबईकडे जाणाऱ्या गाडीसाठी निघाल्या. ट्रंक आणि मशिन. साड्या सगळ्या माझ्यापुढे टाकल्या, “तुला परकराला होतील,” म्हणाल्या. अंगावर पांढरी सलवार, कडक इस्त्री केलेली. मी रडत होते. त्या मशिनचं झाकण नीट बसलंय की नाही ते बघत होत्या.

प्लॅटफॉर्मवर आई उभी होती. पाटी बाजूला, आणि हातात लुगडं. तिचं ठेवणीतलं, हिरवं, सणाला नेसायचं. रात्री घरी न जाता ती शेजारच्या आळीत कोणाकडे तरी राहिली होती आणि रातोरात कोणाला तरी गावी पाठवून मासळीबरोबर ते मागवून घेतलं होतं. बाईंच्या समोर धरून म्हणाली, “हे नेस. मी नेसवते. गाडीत लोक भडकलेले हायेत, बाय. ह्या कपड्यांत मारतील तुला.”

बाईंनी लुगड्याकडे बघितलं. सवयीने काठ दोन बोटांत धरून बघितला. मग सोडला.

“ताई, काल तुम्ही सांगितलंत ते खरं की खोटं?”

आई लुगड्याची घडी सारखी करू लागली.

“खरं असेल, तर परक्या बाईला स्वतःचं लुगडं देऊ नये. आणि खोटं असेल, तर ओटा इथून लांब नाही. जाऊन शेठला तेवढं सांगून या. गाडीला अजून वेळ आहे. तुम्ही सांगून आलात तर मी हे इथेच नेसते, सगळ्यांसमोर नेसते, आणि राहते.”

मी आईकडे बघितलं. जन्मभर सलवार सोडायला नाही म्हणत आलेली बाई हो म्हणत होती. आईच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, बास. स्टेशनाच्या फाटकाबाहेर मास्तर दुकानाची फळी काढत होते. शेठच्या ओट्यावर कालचीच दोन माणसं चहा पीत बसली होती. आईने तिकडे बघितलं. तिचा हात आपोआप अंगावरच्या लुगड्याच्या खोच्याकडे गेला आणि तिने ते पुन्हा खाली ओढलं.

“जा ना ग आये!” मी ओरडले. “जा ना, सांग ना!”

आईने माझ्या थोबाडीत मारली. अशी मारली की माझ्या कानात घूं झालं. त्यातच गाडी आली. बाईंनी ट्रंक चढवली, मी मशिन वर दिली. लेडीज डब्यात मागच्या स्टेशनवर चढलेल्या आमच्याच गावच्या बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बाईंना बघितलं आणि तोंडं फिरवली. बाई खाली बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या, पाय जरा फाकवून, गाडीच्या हिसक्याला तोल जाऊ नये म्हणून उभं राहतात तशा.

आई त्याच गाडीने पालघरच्या बाजाराला जायची. त्या दिवशी ती चढली नाही. पाटीपाशी बसून राहिली, मांडीवर हिरवं लुगडं घेऊन, आणि मागून आलेल्या गाडीने गेली.

बाई कुठे गेल्या ते आम्हाला कधी कळलं नाही. मुंबईला पोचल्या की वाटेतच काही झालं, तेही कळलं नाही. शाळेतही त्यांची चौकशी कोणी केली नाही. पुढच्या आठवड्यात नव्या शिवणबाई आल्या, नऊवारीतल्या. युद्ध संपलं, काळे कागद निघाले. पुढे कितीतरी वर्षं कोणी बाईंचा विषय काढला की आई पाटीतले बोंबील नीट लावता लावता म्हणायची, “गुनाची बाय होती हो. पन आमच्यात रमली नाय.” मी समोर असले तर उठून बाहेर जायची.